हळू आवाजात सांगितलेला आकडा

रविवारी सकाळी आमची मराठी शाळा भरते. न्यू जर्सीतल्या एका शाळेचे सहा वर्ग आम्ही भाड्याने घेतो. मुलं आत जोडाक्षरांशी झटापट करतात आणि पालक बाहेर कॉरिडॉरमध्ये थर्मासमधला चहा पितात. मी मोठ्या मुलांचा वर्ग घेते. पण माझी लेक कॉलेजला गेल्यापासून एक जादाचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वर्ग सुटला की कुणीतरी आई किंवा बाबा जवळ येतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "ताई, जरा बाजूला येता का?" मग ते आकडा सांगतात. आवाज इतका खाली, की एखाद्याच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सांगावा.

परवा असेच एक बाबा आले. "अकराशे नव्वद," म्हणाले. आणि लगेच घाईघाईने, "तशी हुशार आहे हो ती."

हे "तशी" माझ्या फार ओळखीचं आहे. माझ्या मुलीच्या वेळी मीही ते शंभरदा वापरलं आहे. शेजारणीशी बोलताना वापरलं, पुण्याला आईला फोनवर सांगताना वापरलं आणि एकदा तर लेकीच्या समोरच वापरलं. ती काही बोलली नाही. हातातला सीरिअलचा बोल सिंकमध्ये ठेवला आणि वर गेली. म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलावंसं वाटतं. मी कुणी सल्लागार नाही. एकदा त्या वाटेने जाऊन ठेचा खाल्लेली आई आहे, एवढंच.

आधी तो आकडा जरा उजेडात आणू. एसएटी ही कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा १६०० गुणांची, कमीत कमी ४००. २०२४ साली हायस्कूल संपवलेल्या मुलांची देशभरातली सरासरी होती १०२४. म्हणजे अकराशे नव्वदवाली मुलगी परीक्षा देणाऱ्या दर दहांपैकी सातांच्या पुढे आहे. हे सांगितल्यावर ते बाबा कसंनुसं हसले. "देशाची सरासरी घेऊन काय करू ताई? आमच्या गल्लीची सरासरी पंधराशे आहे."

त्यांचंही खोटं नाही. आपण घरंच मुळी शाळांचे रेटिंग बघून घेतली. त्या शाळांत आपल्यासारख्याच आईबापांची मुलं आली. आता त्यांच्यात आपलं मूल मागे दिसतं म्हणून आपण धास्तावतो. "कमी" हा शब्द कधी एकटा उभा राहत नाही, तो कुणाच्या तरी शेजारी उभा असतो. तेव्हा पहिला प्रश्न हा, की आपण त्याला कुणाच्या शेजारी उभं केलंय.

आणि दुसरा प्रश्न आपला स्वतःचा. आपण कुठून आलो? माझी बारावी झाली तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सची बेरीज हाच माणसाचा पत्ता होता. मला ३०० पैकी २७१ होते. पुण्याचं जे कॉलेज हवं होतं ते तीन मार्कांनी गेलं. आज पन्नाशी उलटली, लग्नाची तारीख कधीमधी विसरते, पण २७१ विसरत नाही. बोर्डात आलेल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो पेपरात यायचे, ते बघत आपण मोठे झालो. नोटीस बोर्डावर यादी लागायची, नावावर बोट ठेवून खाली खाली जायचं आणि जिथे रेघ मारलेली असे तिच्या वर आपण आहोत की खाली, एवढंच बघायचं. घरी कोण आजारी होतं, तुम्ही कुठल्या गावाहून एसटीने यायचात, हे कुणी विचारत नव्हतं. त्यात निष्ठुरपणा होता. पण एक स्वच्छपणाही होता. वशिला चालत नव्हता, निदान त्या रेघेच्या वर तरी.

म्हणून इथे कुणी "आम्ही अर्ज समग्रपणे बघतो" म्हटलं की आपल्या कानाला ते "आमच्या मर्जीप्रमाणे बघतो" असं ऐकू येतं. तेही अगदीच चूक नाही. हार्वर्डवर खटला चालला तेव्हा आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या रकान्यात सरासरीने कमी गुण पडत होते हे कोर्टापुढे आलं. २०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करणंच बंद केलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना, देणगीदारांच्या मुलांना आत जागा असते हेही उघड गुपित. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून आपल्या खासगी विद्यापीठांना ती सवलत द्यायला बंदी केली, म्हणजे ती होती हे आलंच. तेव्हा ही पद्धत सोवळ्यातली आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगते की ही आपली रेघेची पद्धत नाही. इथे गुण हे घरात शिरायचं दार नाही, घरातली एक खिडकी आहे. आणि आपण दार समजून त्या खिडकीवर डोकं आपटत बसतो.

खुद्द परीक्षेलाही आपण कोण आहोत याचा घोळ आयुष्यभर सुटलेला नाही. १९२६ साली ती पहिल्यांदा झाली, साधारण आठ हजार मुलं बसली. ती बनवणारे कार्ल ब्रिगम प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. वंशावरून बुद्धी ठरते असं त्यांनी आधी लिहून ठेवलं होतं आणि १९३० मध्ये स्वतःच ते म्हणणं मागे घेतलं. नावातला "ए" आधी ॲप्टिट्यूडचा होता, मग असेसमेंटचा झाला, आणि आता तर ती तीन अक्षरं कशाचीच नाहीत, नुसतं नाव आहे. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आई, त्यांनाही माहीत नाही ते काय मोजतात?" मी गप्प. काहीतरी मोजतात हे खरं. गणिताचा पाया कच्चा असेल तर परीक्षा तो दाखवते, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तो कच्चेपणा पुन्हा भेटतो. एमआयटीने २०२२ साली परीक्षा पुन्हा सक्तीची केली ती याच कारणाने. तेव्हा "काही अर्थ नसतो त्या परीक्षेला" असं म्हणून मुलाची समजूत काढू नका. मुलं वेडी नसतात.

आता कामाचं. सध्या विद्यापीठांचे तीन पंथ आहेत आणि आपल्या मंडळींत त्यांची सरमिसळ फार होते. एक, गुण मागणारे. एमआयटीपाठोपाठ २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड असे एकेक जण परीक्षेकडे परतले. येलनेही त्याच वर्षी परतताना एक फट ठेवली, की एसएटी किंवा तिच्यासारख्याच एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांचे गुण दिलेत तरी चालतील. ज्यांचं मूल शनिवारच्या दोन तासांत गडबडतं पण वर्षभर अभ्यास करून एपीत चार-पाच मिळवतं, त्यांच्यासाठी ही फट मोठी आहे. दुसरे, "द्या किंवा नका देऊ" म्हणणारे. हे कोविडचं पिल्लू आहे असं पुष्कळांना वाटतं, पण मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९ सालीच परीक्षा ऐच्छिक केली होती. आणि तिसरे, गुण दिले तरी न बघणारे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे सगळ्या शाखा यात येतात. तिथे प्रवेश ठरवताना १५८० सुद्धा उपयोगाचे नाहीत. मागच्या वर्षी एका आईने बर्कलीसाठी मुलाला चौथ्यांदा परीक्षेला बसवलं. मी सांगितल्यावर तिने आधी विश्वासच ठेवला नाही, मग नवऱ्याला फोन लावला. त्या संवादातला माझा भाग मी तिथेच सोडला आणि चहा आणायला गेले.

नियम दरवर्षी बदलतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी वापरू नका. ज्या वर्षी अर्ज, त्या वर्षीचं त्या विद्यापीठाचं पान उघडायचं.

मधल्या पंथातच खरी मेख आहे: गुण पाठवायचे की नाही? माझी चूक इथलीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. लेकीला पहिल्यांदा १२४० मिळाले, तिसऱ्यांदा १२९०. तिला हवं होतं ते कॉलेज परीक्षा ऐच्छिक म्हणत होतं. माझ्यातली बारावीवाली म्हणाली, "लपवलं तर चोर ठरू. पाठव." आम्ही पाठवले. प्रवेश मिळाला नाही. गुण न पाठवते तर मिळाला असता का, देव जाणे, कुणी सांगत नसतं. पण पाठवण्याआधी जे बघायला हवं होतं ते मी बघितलं नाही एवढं खरं.

बहुतेक कॉलेजांचा कॉमन डेटा सेट नावाचा एक दस्तऐवज असतो. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की तो सापडतो. त्यात सी-नऊ नावाच्या भागात आलेल्या मुलांचे गुण दिलेले असतात: पंचविसावं शतमक अमुक, पंचाहत्तरावं तमुक. समजा १३८० आणि १५१०. आपण वाचतो, "१३८० च्या खाली घेत नाहीत." चूक. त्याचा अर्थ असा, की गुण पाठवून आत आलेल्या दर चार मुलांपैकी एक १३८० किंवा त्याच्या खालीच आहे. खालची रेघ ही भिंत नाही. हे वाचून हायसं वाटलं असेल तर थांबा, पुढचं ऐका. त्या चौथ्या मुलात कोण कोण असतं? कॉलेजच्या संघासाठी निवडलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी मुलं असतात, लांबच्या खेड्यातून आलेली मुलं असतात. एडिसनच्या एच-वनबी घरातली, आईबाप दोघंही इंजिनिअर असलेली मुलगी त्या गटात सहज बसत नाही. आणि शेवटची गोष्ट: तिथेच किती टक्के मुलांनी गुण पाठवले हे लिहिलेलं असतं. निम्म्यांनीच पाठवले असतील, तर तो १३८० चा आकडा फक्त त्या निम्म्यांचा. ज्यांचे कमी होते ते बव्हंशी गप्प बसले. म्हणून आकडे फुगलेले दिसतात.

याच्या उलटही घडतं. डार्टमथने परीक्षा परत आणली तेव्हा त्यांच्याच अभ्यासकांनी दाखवलं की चौदाशेच्या आसपास गुण असलेली, साधनं कमी असलेल्या घरांतली मुलं ते लपवत होती. ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता, कारण कचेरीत बसलेला माणूस तो आकडा त्या मुलाच्या शाळेशी ताडून बघतो. जिथे बहुतेकांना हजार मिळतात तिथले चौदाशे म्हणजे डोंगर. आपल्या गल्लीत तेच चौदाशे सपाट मैदान. अन्याय म्हणा हवं तर. आपण मुलाला सुरुवातीलाच पुढे उभं केलं होतं, याचीही ती नोंद आहे.

तर माझा ढोबळ हिशेब असा. गुण त्या कॉलेजच्या मधल्या पट्ट्यात किंवा वर असतील तर पाठवावेत. पट्ट्याच्या खाली असतील आणि शाळेतल्या इतरांपेक्षाही खाली असतील, तर "ऐच्छिक" या शब्दावर विश्वास ठेवावा. न पाठवणं म्हणजे लपवणं नाही. फॉर्मनेच विचारलंय, द्यायचे का? नाही द्यायचे. संपलं. मात्र काही ठिकाणी प्रवेशाला गुण नको असले तरी शिष्यवृत्तीला लागतात, तेवढं तपासावं.

त्याच दस्तऐवजात सी-सात नावाचा एक तक्ता आहे. कॉलेज कशाला किती वजन देतं हे त्यात फुल्या मारून सांगितलेलं असतं. बहुतेक नावाजलेल्या ठिकाणी सगळ्यात वरच्या रकान्यात फुली असते ती चार वर्षांच्या अभ्यासाला: कोणते विषय घेतले, किती कठीण घेतले, त्यांत काय मिळवलं. म्हणजे ज्युनिअर इयरच्या ऑक्टोबरात मुलाला केमिस्ट्रीच्या चाचणीचा अभ्यास टाकून एसएटीच्या क्लासला पिटाळणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. आम्ही केला तो. शनिवार-रविवारचा क्लास, फी ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर माझं लग्न झालं होतं, मांडवासकट." वास्तविक परीक्षा घेणाऱ्यांच्या ब्लूबुक ॲपवर पूर्ण लांबीचे सराव पेपर फुकट असतात, खान अकॅडमीवर शिकवणीही फुकट असते. २०२४ पासून परीक्षा इथे संगणकावर होते, दोन तास चौदा मिनिटांची. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि पहिला कसा गेला त्यावरून दुसरा सोपा येतो की कठीण ते ठरतं. वरचे गुण कठीण भागातूनच मिळतात. त्यामुळे पहिल्या भागात घाईने केलेल्या चुका महाग पडतात. हे आमच्या क्लासने तिसऱ्या महिन्यात सांगितलं.

दोनदा द्यावी, फार तर तीनदा. पुष्कळ कॉलेजं वेगवेगळ्या तारखांचे उत्तम भाग एकत्र करून धरतात, म्हणून दुसऱ्यांदा देण्यात अर्थ असतो. चौथ्यांदा देण्यात बहुधा आपलाच हट्ट असतो.

एक गोष्ट मात्र पहिल्या वेळेआधीच बघा. काही मुलं सगळं समजून घेतात, बोलायला लागली की थक्क करतात, पण वाचायला वेळ लागतो, वेळ संपतो, शेवटचे सहा-सात प्रश्न उरतात. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा असा. सहावीपासून शिक्षिका सांगत होत्या, एकदा तपासून घ्या. घरात एकच उत्तर: "आमच्याकडे तसलं काही नाही. आळस आहे." डिस्लेक्सिया निघाला तो अकरावीत. तपासणी आधी झाली असती तर शाळेत दीडपट वेळ मिळाला असता आणि त्याच आधारावर एसएटीलाही मिळाला असता. मंजुरीला काही आठवडे लागतात आणि शाळेतली जुनी नोंद कामी येते. त्या मुलाने पाच वर्षं स्वतःला आळशी मानलं. मैत्रीण परवानगी देते म्हणून हे लिहिते आहे. म्हणाली, "लिही. माझ्यासारखं आणखी कुणी वागू नये." चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग इथेच आपली अब्रू का जाते, मला अजून उमगलेलं नाही.

आता दुसऱ्या रोगाकडे येते. पहिला रोग गुणांना देव मानण्याचा. गुण कमी पडले की आपण दुसऱ्या टोकाला पळतो, "बाकीचं" भरून काढायला. मग उन्हाळ्यात मूल भारतात जातं आणि आजीच्या गावात तीन आठवड्यांत एक संस्था स्थापन होते. वेबसाइट काकाने केलेली, बॅनरवर मुलाचा फोटो, गावच्या पोरांना वाटलेल्या वह्या. ऑगस्टात विमान उडालं की संस्था झोपते. अर्ज वाचणाऱ्या माणसाने अशा संस्था शेकड्याने बघितलेल्या असतात. तुम्हाला राग येईल, पण खोटा दागिना पहिल्यांदा सोनाराला कळतो.

त्यापेक्षा मुलाच्या आयुष्यात जे आधीपासून आहे ते बघा. कॉमन ॲपवर, म्हणजे पुष्कळ कॉलेजांच्या सामाईक अर्जात, दहा उपक्रमांना जागा असते आणि प्रत्येकाला जेमतेम दीडशे अक्षरं, शब्द नव्हेत. त्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांचाही प्रकार आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. आमच्या वर्गातला एक मुलगा गणपतीच्या ढोल-ताशा पथकात आहे. वाजवणारे चाळीस जण. पण ढोलाची पानं उतरली की दोऱ्या पुन्हा ओढून ताण आणणारा हा एकटा. गराजमध्ये बसतो, हात सोलून घेतो, कुठल्या हवेत कुठलं पान किती ओढायचं याची वही ठेवतो. त्याच्या आईने उपक्रमांच्या यादीत हे लिहिलंच नव्हतं. "ते काय लिहायचं, ते तर घरचंच आहे." मी म्हटलं, बाई, तेच लिही. दुसरी एक मुलगी शाळेतून आली की आजोबांना इन्सुलिन द्यायची, त्यांना चालवून आणायची, तीन वर्षं. तीही म्हणत होती, "माझ्याकडे ॲक्टिव्हिटी नाहीत."

निबंध साडेसहाशे शब्दांचा असतो. त्यात एसएटीचं रडगाणं नको. "परीक्षेच्या दिवशी मला ताप होता" हे खरं असलं तरी नको. अगदीच सांगण्यासारखं काही घडलं असेल, घरात मृत्यू, दीर्घ आजार, तर ते काउन्सेलरच्या पत्रात यावं. त्यासाठी काउन्सेलरला ते माहीत हवं, आणि त्यासाठी आपण शाळेत जाऊन बोललेलं हवं. आपण पालक-शिक्षक भेटीला जातो ते "बी का आला?" एवढंच विचारायला. आणि निबंध मुलालाच लिहू द्या. वडिलांनी सुधारलेला निबंध ओळखू येतो. सतरा वर्षांचं मूल "सिनर्जी" लिहीत नाही.

यादीचं काय? आपल्याकडे यादी म्हणजे वरून खाली उतरणारा जिना. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, आणि तळाशी घराजवळचं सरकारी विद्यापीठ, त्याला नाव "सेफ्टी". मूल शेवटी तिथेच गेलं तर घरात सुतक. अहो, हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम चारांना घेतं. तिथे १६०० वाल्यांनाही रांगेने नकार मिळतात. जिथे शंभरातल्या चारांना जागा, तिथे १५५० असो की १२९०, अर्ज हा लॉटरीच्या तिकिटासारखाच. एखाद-दुसरं काढावं, दहा काढू नयेत. यादी तळापासून बांधावी: जिथे प्रवेश बऱ्यापैकी पक्का, फी झेपणारी आणि मूल जिथे खरंच आनंदाने जाईल अशी दोन ठिकाणं आधी. तिन्ही अटी. मग मधली, मग वरची. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो भरून बघा आणि मगच मुलाला स्वप्न बघू द्या. नकारापेक्षा "प्रवेश मिळाला पण पाठवता येत नाही" हे जास्त लागतं. अर्ली डिसिजनने संधी वाढते म्हणतात, पण तो करार आहे. होकार आला की सहसा जायचंच, दुसऱ्याची मदत तुलना करून बघायची सोय नाही.

आणि कम्युनिटी कॉलेज. हा शब्द आला की आपल्या मंडळींचे चेहरे बघावेत! जणू मुलाला मुंजीआधी घराबाहेर काढलं. कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण केले तर विद्यापीठाच्या सहा शाखा जागेची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्या हमीत नाहीत, पण तिथेही या वाटेने मुलं जातातच. पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं. दोन वर्षांची फी वाचते ती वेगळी. टेक्ससमध्ये तर १९९७ पासून शाळेतल्या क्रमांकावर सरकारी विद्यापीठात प्रवेशाचा कायदा आहे, ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी पट्टा अधिक अरुंद. तिथे राहणाऱ्यांनी गुणांआधी शाळेतल्या क्रमांकाची काळजी करावी.

नावाच्या कॉलेजने आयुष्य बदलतं का, हा प्रश्न बाबालोक विचारतातच. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं, की ज्यांना मोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळत होता पण जी दुसरीकडे गेली, त्यांची पुढची कमाई सरासरीने तेवढीच निघाली. गरीब घरांतल्या मुलांना मात्र मोठ्या कॉलेजचा फायदा झाला. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली म्हटलं, सरासरी कमाईत फरक नगण्य, पण अगदी शिखरावरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता नामांकित कॉलेजमुळे वाढते. तेव्हा ज्याला मुलाला वॉल स्ट्रीटवरच बसवायचंय त्याने चिंता करावी. मला माझी लेक रात्री नीट झोपलेली हवी होती, आणि ती झोपत नव्हती. ते मला फार उशिरा दिसलं. फ्रिजवर मी तिच्या सराव परीक्षांचा तक्ता लावला होता, लाल पेनाने. तिच्या मैत्रिणी घरी यायच्या, पाण्याची बाटली काढताना तो वाचायच्या. क्युपर्टिनोच्या मावसबहिणीचा स्कोअर मी त्याच तक्त्याच्या कडेला लिहून ठेवला होता. "प्रेरणा" म्हणून. तक्ता तिने काढला नाही. एके दिवशी त्यावर पिझ्झाच्या दुकानाचं मॅग्नेट लावून टाकलं, नेमकं त्या कडेवर.

हवं होतं ते कॉलेज मिळालं नाही म्हणून सांगितलंच. ती राज्याच्या विद्यापीठात गेली. पहिलं सत्र वाईट गेलं, तिसऱ्या सत्रात विषय बदलला. आता भूगर्भशास्त्र शिकते आणि आम्हाला दगडांचे फोटो पाठवते. पुढे काय होईल माहीत नाही. हवं होतं तिथे गेली असती तर अधिक बरं झालं असतं का, हा प्रश्न मला अजूनही कधी कधी पहाटे पडतो. तो पडत नाही असं सांगितलं तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका.

परवाच्या त्या बाबांशी मी हेच सगळं बोलत होते, अर्धवट, तुकड्यातुकड्याने, भिंतीला टेकून. त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं, मी फोनवर त्याचा डेटा सेट उघडला, आम्ही दोघं सी-नऊवर वाकलो. तेवढ्यात वर्ग सुटला. त्यांची लेक दप्तर खांद्यावर टाकून बाहेर आली. बाबांनी झटकन माझाच फोन माझ्या हातात उलटा केला.

"बाबा," ती म्हणाली, "अकराशे नव्वद ना? मी सगळ्या वर्गाला केव्हाच सांगितलंय." मग माझ्याकडे वळून, "ताई, यांना विचारा, मी यादीत कोणती कॉलेजं घातलीत ते यांनी वाचलंय का?"

बाबांनी वाचली नव्हती. तिने दप्तरातून वही काढली आणि आम्ही तिघं तिथेच कॉरिडॉरच्या पायरीवर बसलो.